सासऱ्यांची परखी आणि साठ खोकी बेबीकॉर्न

माझे सासरे चाळीस वर्षं नांदेडच्या मोंढ्यात आडत करतात. तूर, सोयाबीन, हळद. डब्यात बंद करून मिळणारी कुठलीही वस्तू त्यांच्या मते एक तर औषध असते, नाहीतर फसवणूक. त्यांच्याच गोदामाच्या एका कोपऱ्यात मी डबाबंद भाज्या ठेवते आणि केटररना विकते. मशरूम असतात, पण मुख्य माल म्हणजे थायलंडहून समुद्रमार्गे येणारे बेबीकॉर्न. आमच्याकडे हल्ली लग्नात मंचुरियन नसेल तर व्याही तोंड फिरवतात. हे मी ठरवलेलं नाही. मी फक्त डबे आणते.

ही खोकी कसली, असं मोंढ्यात कुणी विचारलं की सासरे म्हणत, "सूनबाईचे डबे हायत." दोन वर्षांत 'आमचे' हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. मला त्याचा राग यायचा, आणि तो मी भाकरी थापताना परातीवर काढायची.

अशात मुखेडच्या एका लग्नाची ऑर्डर आली. मुलीचे वडील म्हणजे वर्षानुवर्षं आमच्याच पेढीवर तूर घालणारे शेतकरी. सासऱ्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की या घरी माल वेळेवर पोचला नाही, तर डब्यांचा नाद सोडायचा आणि पुन्हा पेढीवर कॉम्प्युटरसमोर बसायचं. मी लगेच हो म्हटलं, कारण माझ्याकडे तक्ता होता.

तो तक्ता मी एका ऑनलाइन वर्गात शिकले होते. डाव्या रकान्यात जोखीम, उजव्या रकान्यात उपाय. जहाजाला उशीर, बंदरात संप, डॉलरची उडी, चेपलेले डबे, सगळं लिहिलेलं. एकाच पुरवठादारावर विसंबू नये, म्हणून हैदराबादचा दुसरा व्यापारीही हाताशी धरून ठेवला होता. तक्ता छापून गोदामाच्या भिंतीवर, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी चिकटवला. येता-जाता त्याच्याकडे बघून मीच खूश व्हायची.

पहिल्या झटक्यात जहाज कोलंबोला अडकलं. माल दुसऱ्या जहाजावर चढवायचा होता आणि ते दुसरं जहाज येईना. मी शांतपणे हैदराबादच्या व्यापाऱ्याला फोन लावला. त्याचा मालही त्याच जहाजात होता. वर तोच मला विचारायला लागला, ताई, तुम्हाला काही कळलं का?

रडतखडत माल मुंबईच्या बंदरात लागला, तर सरकारी खात्याने तपासणीसाठी त्यातले डबे काढून घेतले. घरी हे सांगितल्यावर सासऱ्यांनी माझ्या माहितीत पहिल्यांदाच सरकारबद्दल बरे उद्गार काढले. नमुना बघितल्याशिवाय माल सोडत नाहीत म्हणजे कुणीतरी शहाणा माणूस बसलेला दिसतोय, म्हणाले.

मग ट्रक निघाला आणि ड्रायव्हरचा फोन बंद. लग्न दोन दिवसांवर. दहा ठिकाणी फोन फिरवल्यावर कळलं, की ट्रक लातूरला उभा आहे. लातूर ही ड्रायव्हरची सासुरवाडी आणि त्याच्या मेव्हण्याच्या पोराचं जावळ होतं. दोन देशांचे समुद्र ओलांडून आलेला माझा माल एका बोकडासाठी थांबला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्या एसटीने मी लातूर गाठलं. भांडायलाच गेले होते, पण त्यांनी आधी ताट वाढलं. मी जेवले. मटण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. जेवणं झाल्यावर ट्रक हलेपर्यंत मी त्याच्या चाकाजवळ उभी राहिले. मग तिथल्या दोन केटररना भेटून परतीची एसटी धरली. जीव भांड्यात पडला होता.

दिवेलागणीला गोदामात पाय ठेवला आणि तिथेच थिजले.

मोंढ्यात पोत्यात परखी खुपसून, चार दाणे तळहातावर घेऊन बघितल्याशिवाय एकही पोतं काट्यावर चढत नाही. परखी म्हणजे ती टोकदार लोखंडी नळी. सासऱ्यांनी हमालांना कामाला लावून साठच्या साठ खोकी उघडली होती. प्रत्येक खोक्यातला एक डबा बाहेर काढून परखी आणि हातोडीने त्याला भोक पाडलं होतं. जमिनीवर साठ डबे ओळीत, प्रत्येकासमोर कागदी द्रोण, द्रोणात दोन-दोन बेबीकॉर्न. सासरे एकेक तुकडा नखाने दाबून, वास घेऊन पुढे सरकत होते. माझ्या तक्त्यात सगळं होतं, सासरा नव्हता.

"मामा, काय करून राहिलात तुम्ही? डबा फोडला की माल टिकत न्हाई!"

"परखी गरम पान्यानं धुतलीय," ते म्हणाले. "आन् सरकारनं फोडले तवा तू काय बोलली न्हाईस."

मला रडू फुटलं. रागाचं होतं ते. लग्न होऊन आल्यापासून जे कधी बोलले नव्हते ते मी बोलले. म्हटलं, "तुम्हाला माझं हे बंदच पाडायचं होतं ना? मग सरळ सांगायचं."

त्यांनी परखी खाली ठेवली. 

"लोकाच्या मालाला कोन परखी लावतंय, पोरी? पेढीवरून जायाचा हाय म्हनून लावली. मुखेडला सांगून बसलोय मी, माल आमचा हाय म्हनून."

 मी पदराने नाक पुसलं आणि लग्नाच्या केटररला फोन लावला.

त्याने मागवले होते चाळीस डबे, फुटले होते साठ. तो आधी चिडला, मग त्याने मनात हिशेब केला, मग म्हणाला, पाठवा सगळे. बर्फाच्या लाद्या आणल्या, नव्या पिंपांत माल ओतला आणि त्याच्याच टेम्पोतून तासाभरात मुखेडला रवाना केला. दुसऱ्या दिवशी त्या मांडवात बेबीकॉर्नपासून सुटका नव्हती. मंचुरियनमध्ये होते, पुलावात होते, भज्यांत होते, एका वेड्याने वरणातही टाकले होते.

पंगतीत मी सासऱ्यांच्या मागेच उभी होते. त्यांच्या शेजारच्या पाहुण्याने भज्यातून निघालेलं ते पिवळं बोट वर धरून विचारलं, की हे काय खायला घालून राहिलेत? सासऱ्यांनी मागे वळून बघितलं नाही. स्वतःच्या ताटातला एक अख्खा तुकडा तोंडात टाकला आणि गोळी गिळतात तसा पाण्याबरोबर खाली उतरवला.

"आमचा माल हाय," ते म्हणाले. "खा गुमान."