भागीचं जोतं

मी ललिता, आपटा गावाजवळच्या आदिवासी वाडीची आशा सेविका. भागी माझ्या यादीत आली ती तिच्या लेकीमुळे. माधुरीचं पहिलं बाळंतपण माहेरीच करणार, हे भागीने मला तीनदा बजावलं होतं.

त्यासाठीच तिने जोतं उंच केलं. घरात कायम ओल. बाळंतीण निजवायची कुठे? रस्त्याने जाणारा डंपर तिनेच हात करून थांबवला. ड्रायव्हरने पिवळट माती दारात फुकट ओतली, वर म्हणाला, "अजून लागली तर सांग." एवढा दानशूर मी जन्मात पाहिला नाही, मेल्याचं वाटोळं होवो! भागीने ती माती अनवाणी तुडवली, चोपली, वर शेणाने सारवलं.

आठवड्याभरात सारवण फोडून पिवळी भुकटी वर आली. भागी ती खरवडायची आणि पुन्हा सारवायची. हात लावू नको म्हणून मी ओरडून दमले. मग तिच्या बोटांना आणि टाचांना गोल गोल भोकं पडली.

"दुखतंय का गं?"

"नाय. कायच नाय."

शेवटी तिला ओढतच पनवेलला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "प्लेटिंगच्या, मुलामा द्यायच्या कारखान्यात असतेस का?"

"सारवते," भागी म्हणाली.

मी पुड्यात बांधून नेलेली माती पुढे केली. त्यांनी ती तपासायला पाठवली. क्रोमियम निघालं, विषारी. डॉक्टरांनी सांगितलं, खाणीतला दगड भट्टीत भाजून त्याचे क्षार काढतात, चामडं कमवायला, नळांना चकाकी आणायला. उरलेला गाळ कारखान्याने सांभाळून पुरायचा असतो. इथे तो भागीच्या घरात पुरला होता.

"बाळंतिणीला इथे ठेवायचं नाही," मी भागीच्या घरी येऊन सांगितलं.

भागीने माझ्याच फोनवरून लेकीला कळवलं, "येऊ नको. सासरीच रा."

माधुरी रडायला लागली. "आये, तूच बोललीस ना, माज्यासाठी जोतं केलंस!"

भागीने फोन माझ्या हातात दिला. मी माधुरीला सगळं समजावेपर्यंत ही शेणाची बादली घेऊन आत गेली.

"अगं बाई, आता कशाला सारवतेस?" मी ओरडले.

"लेक नाय येत, ताई. आमी इथंच हाव ना."

दुसरं घर कुठून आणून देणार होते मी? मला फार लाज वाटली. माधुरीच्या बाळंतपणासाठी म्हणून पिशवीत ठेवलेले हातमोजे मी काढून दिले. भागीने ते चढवले आणि कोपऱ्यापासून सारवायला घेतलं.