घोळवेंचं नाव छापून आलं

निगडीच्या पुढच्या सगळ्या कॉलेजांत एक गोष्ट पक्की मानली जाते. दैनिक 'पवनाकाठ'चे वार्ताहर नवनाथ घोळवे यांनी एकदा आमच्या प्राचार्यांना भर पत्रकार परिषदेत रडवलं होतं. असा एकच प्रश्न टाकला म्हणे, की डोळ्यांतून घळाघळा पाणी.

पाणी आलं हे खरं. फक्त डोळे घोळवेंचे होते. कढईतून नुकताच निघालेला समोसा त्यांनी अख्खा तोंडात सारला आणि नेमकं तेव्हाच प्राचार्य म्हणाले, "काही प्रश्न?" घोळवेंनी हात वर केला, तो पाण्यासाठी. प्राचार्यांनी टिश्यू पुढे केला. एकच.

असा हा माणूस. वय सत्तेचाळीस, मूळचे केज तालुक्यातले, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं. तोंड उघडलं की आधी माफी, मग वाक्य. "नाही म्हणजे, तुमची हरकत नसंल तर, एक विचारू का? नाही विचारलं तरी चालतंय." ही नक्कल येत नाही असं आमच्या डिप्लोमाच्या वर्गात एकही पोरगं नाही. मुली तर जास्तच झकास करतात.

गॅदरिंग, वृक्षारोपण, रक्तदान, निरोप समारंभ, सगळ्या बातम्या घोळवेंच्या. प्रत्येक बातमीच्या शेवटी 'यावेळी उपस्थित होते' आणि खाली नावांची रांग. त्यातलं एखादं नाव राहिलं की सकाळी सातला फोन: "काय घोळवे, आम्ही काय मेलो होतो का?" एकोणीस वर्षं त्यांनी हजारोंची नावं छापून आणली. स्वतःचं एकदाही नाही. त्यांच्या बातमीवर नुसतं 'प्रतिनिधी' असायचं. नाव मोठ्या बातमीलाच लागायचं, तेही संपादकांच्या मनात आलं तर.

आणि गावाकडे आई, यशोदाबाई. वाचता येत नाही, पण दर रविवारी फोन ठरलेला.

"आलं का रं नाव?"

"येतंय, माय."

गावात सगळे म्हणायचे, यशोदाबाईचा नवनाथ तिकडं पुण्याकडं घरोघर पेपर टाकतो. म्हातारीला हे फार लागायचं. घोळवेंना तर त्याहून जास्त.

या जानेवारीत, एका गुरुवारी, हॉस्टेलच्या मेसमधलं पनीर खाऊन बेचाळीस पोरं आडवी झाली. पोळ्या लाटणाऱ्या सुमनताईंनी शुक्रवारी सकाळी पहिला फोन घोळवेंना केला. "भाऊ, पनीर आंबलं होतं. मी ठेकेदाराला सांगितलं, तर म्हणतो कसा, मसाला वाढव." घोळवे दोन्ही दवाखाने फिरले, खाटा मोजल्या, पोरांशी बोलले, सगळं लिहून पिंपरीच्या ऑफिसात नेलं. दुसऱ्या कुठल्याही पेपराला यातलं काही ठाऊक नव्हतं.

संपादक प्रभाकरसरांनी बातमी दोनदा वाचली. "घोळवे, हे तुम्ही लिहिलंय? स्वतः?"

"नाही म्हणजे, हो. सर, एवढ्या बातमीला नाव..."

"लावू. शब्द देतो. रविवारच्या अंकात घेऊ."

इथे घोळवेंनी तेच केलं जे ते एकोणीस वर्षं करत आले होते. कुणाचं नाव राहू नये म्हणून ते ज्याची बातमी त्याला छापण्याआधी फोनवर वाचून दाखवत. सवयीने त्यांनी आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला आणि अख्खी बातमी वाचून दाखवली, स्वल्पविरामासकट. सुमनताईंच्या नावासकट.

"नाही म्हणजे, काही दुरुस्ती असंल तर सांगा, साहेब."

"छान लिहिता हो तुम्ही," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी फोन केला पेपरच्या मालकांना, आणि प्रवेशाच्या हंगामाच्या सगळ्या पानभर जाहिराती 'पवनाकाठ'ला देऊन टाकल्या. शनिवारी मेसमध्ये पोळ्या दुसरीच बाई लाटत होती.

रविवारी अंक आला. पहिलं पान, चार कॉलम: 'वसतिगृहात आरोग्य तपासणी शिबिर उत्साहात; बेचाळीस विद्यार्थ्यांनी घेतला लाभ'. त्याखाली ठळक अक्षरात, नवनाथ घोळवे. प्रभाकरसर शब्दाचे पक्के.

घोळवे अंक हातात धरून गेटसमोरच्या टपरीवर उभे होते. चहावर साय आलेली. आम्ही पोरं काय सोडतोय होय!

आमच्या वर्गातला प्रज्वल त्याच सकाळी दवाखान्यातून सुटून आलेला, हाताला सलाईनची पट्टी तशीच. "सर, मी पण लाभ घेतला," तो म्हणाला. "तीन वेळा. बादलीत."

मी लगेच घोळवेंचाच आवाज लावला. "नाही म्हणजे, तुमची हरकत नसंल तर, जुलाब उत्साहात संपन्न झाले, असं लिहू का?"

टपरी हसून आडवी. घोळवे पेपराची घडी घालायला लागले, तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्या फोनचा कानाशी आवाज येत नाही, म्हणून तो कायम स्पीकरवर.

"आलं का रं नाव?"

"आलं, माय."

"आरं! वाच की मग. शेजारच्या बायाबी बसल्यात."

घोळवेंनी पेपराची घडी आणखी एकदा दुमडली. मी कुजबुजलो, "सर, पैज. म्हातारीला बातमी वाचून दाखवणं तुम्हाला जमणार नाही. जमलं तर मिशी काढतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चहा खाली ठेवला, पेपर उघडून डोळ्यांसमोर धरला, आणि वाचायला लागले. "वसतिगृहाच्या मेसमधील निकृष्ट पनीर खाल्ल्याने बेचाळीस विद्यार्थ्यांना विषबाधा झाली." प्रज्वल वाकून पेपरात बघायला लागला. तिथे शिबिरच होतं. घोळवे वाचतच होते: दोन दवाखाने, खाटा, ठेकेदाराचा मसाला, सुमनताईंचं बोलणं, नावासकट. कुठे अडखळले नाहीत. एकदाही 'नाही म्हणजे' नाही. "नवनाथ घोळवे," असं म्हणून थांबले.

पलीकडे बायांची कुजबुज सुरू झाली.

"आरं देवा," यशोदाबाई म्हणाल्या. "एवढ्या लेकरायला इख घातलं कुणी, अन् नाव तुझं छापलं व्हय रं? तू काय केलं व्हतंस?"

"नाही म्हणजे, माय..."

"ह्या बायांम्होरं कसलं रं हे! पुन्हा नाव येऊ देऊ नगंस." फोन बंद.

आम्ही हसलो. इतके की चहावाल्याने रॉकेलचा डबा आमच्या लाथेपासून लांब सरकवला. घोळवे हसणं संपायची वाट बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "मिशी."

"पण सर, हे पेपरात कुठंय?"

"बातमी हीच हाय," ते म्हणाले.

मी प्रज्वलकडे पाहिलं. बेचाळिसातला तो. तो म्हणाला, "हरलास भावा."

पुढच्या गल्लीतल्या सलूनला रविवारची रांग होती. घोळवे माझ्याबरोबर आले, बाकड्यावर बसले, आणि माझा नंबर लागेपर्यंत एकदाही उठले नाहीत.