बारा आठवडे मुका

ताकुआरेम्बोच्या गुरांच्या बाजारात वाल्देमार लारोसानं चाळीस वर्षं लिलाव पुकारले. लाऊडस्पीकरला त्यानं कधी हात लावला नाही. त्याचं ‘एक वार, दोन वार’ कुंपणापलीकडच्या घोड्यांनाही ऐकू जाई, आणि ‘तीन वार’ म्हणून हातोडा आपटला की मोडक्या शिंगाची गायही घेणाऱ्याला लाखमोलाची वाटे.

नेमका त्याच घशात कॅन्सर निघाला. “देवाला दुसरी जागा सापडली नाही,” बायको नेलिदा म्हणाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र कापलं नाही, किरणांनी शेकलं. आवाज वाचला. पण दुखणं उलटलं तर तो वाचवता येईलच असं नाही, हेही त्यांनी बजावलं होतं.

तीन महिन्यांनी राजधानीत, मोन्तेविदेओला, स्कॅन झाला. आधी औषधाची सुई, मग तासभर पडून राहायचं, मग यंत्र. शरीरात जिथे साखर अधाशासारखी खाल्ली जाते, तिथे पडद्यावर ठिपका उजळतो. “आजोबा, आता बोलायचं नाही हं,” नर्स म्हणाली. वाल्देमारला वाटलं, इस्पितळात असं म्हणतातच. आजूबाजूला चार माणसं तोंडं पाडून पडलेली. त्याला राहवेना. त्यानं नर्सच्या चपला लिलावात काढल्या. “अंगठा थोडा झिजलाय मंडळी, पण चाल बघा!” तासभर हशा चालला होता.

घशापाशी ठिपका उजळला. डॉक्टर अकोस्ताबाईंनी विचारलं, “त्या तासात हे बोलले का?”

“बोलला कसला? चपला विकल्या त्यानं,” नेलिदा म्हणाली.

“मग खात्रीनं सांगता येत नाही. बोलताना घशाचे स्नायू राबतात, तेही साखर खातात. हा ठिपका बडबडीचा असेल, नाहीतर आजाराचा. बारा आठवड्यांनी पुन्हा बघू. तेव्हा तोंड मिटून ठेवा. आणि मधे आवाज बसला, तर लगेच या.”

वाल्देमार गुरांमधला माणूस. लंगड्या घोड्याला महिनोन्‌महिने कुरणात सोडायचं, पाठीवर जीनसुद्धा टाकायचं नाही, हे त्याला पाठ. एका तासाच्या बडबडीनं एवढा ठिपका, तर चाळीस वर्षांच्या पुकाऱ्यानं काय झालं असेल? घसा कुरणात सोडायचा, असं त्यानं बसमध्येच ठरवलं. घरी पोचल्यावर पाटीवर लिहिलं: बारा आठवडे.

“आयुष्यभर गप्प बस म्हणून ओरडले, आता ऐकतोस होय रे म्हाताऱ्या?” नेलिदा हसली. पहिला आठवडा तिला बरा गेला. पाचव्या आठवड्यात ती रेडिओशी बोलायला लागली. तो काखेत गरम पाण्याचा थर्मास धरून ‘माते’ नावाच्या कडू पाल्याच्या चहाचे घोट घेत अंगणात बसे. बाजारातले सोबती दोनदा आले, पाटीवरची उत्तरं वाचली, मग यायचे थांबले. दर रविवारी मुलगी यानिना स्पेनहून फोन करायची. त्यांचं ठरलेलं होतं: फोनवर बोट एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही. एका रविवारी ती म्हणाली, “पापा, मुलगी झाली. तुझ्या आईचं नाव ठेवू?” त्यानं एकदा बोट वाजवलं आणि पाठ फिरवून रडला. तेही आवाज न करता.

दुसऱ्या स्कॅनला तो दगडासारखा पडून राहिला. “आज चपला नाही विकायच्या?” नर्सनं विचारलं. त्यानं नुसता हात हलवला.

ठिपका तिथेच होता, आधीपेक्षा मोठा. घशातला तुकडा काढून तपासला, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली.

“एवढ्या गाठीनं आवाज बसतोच. कधीपासून बसलाय?” डॉक्टर अकोस्तांनी विचारलं.

“काय माहीत? तो बोललाच नाही. बारा आठवडे,” नेलिदा म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “बाई, मी एका तासाचं म्हटलं होतं.” मग हळूच म्हणाल्या, “आवाज बसलेला तेव्हाच कळला असता, तर कदाचित अर्धं स्वरयंत्र राखता आलं असतं. आता सगळं काढावं लागेल. गुरुवारी.”

वाल्देमारनं पाटी मांडीवर उलटी ठेवली. घोडा कुरणात सडला होता, आणि मालकानंच फाटकाला कडी घातली होती.

त्या दिवशी शुक्रवार होता. घरी आल्यावर नेलिदा म्हणाली, “आता तरी बोल रे. शिव्या दे मला, पण बोल.” त्यानं मान हलवली. पहिला शब्द त्याला यानिनासाठी ठेवायचा होता. शनिवार तसाच गेला.

रविवारी फोन वाजला. त्यानं कडू चहाचा एक घोट घेतला, घसा खाकरला, फोन कानाला लावला.

“पोरी, मी बोलतोय,” तो म्हणाला. बोळात पत्रा ओढावा तसं काहीतरी बाहेर आलं. नेलिदानं दचकून वर पाहिलं.



“कोण बोलतंय?” यानिनानं विचारलं. “जरा पापांना द्या ना फोन.”

त्यानं पुन्हा तोंड उघडलं. मग मिटलं, आणि फोनवर एकदा बोट वाजवलं.

“हां पापा, आलास का?” ती म्हणाली.