पिंपावर बसलेला हवालदार

"अडीच मिनिटांच्या ट्रेलरवरून तू अख्खा पिक्चर ठरवतेस? रिलीजला अजून दोन महिने आहेत, आई!"

"मला अख्खा बघायचाच नाही. दिसलं तेवढं बास झालं," शेवंती म्हणाली. "आणि आधी तो आवाज कमी कर."

हेमूने आवाज कमी केला नाही. तेहतीस वर्षांचा झाला होता. त्यातली बारा वर्षं नाटकांत मागे भाला धरून उभं राहण्यात गेली, आणि आज पहिल्यांदा त्याचं तोंड पोस्टरवर आलं होतं. दोन हवालदारांची धमाल गोष्ट, एक जाडा आणि एक बारका. बारका म्हणजे हेमू. दहाला ट्रेलर आला आणि अकराच्या आत तो पेढे घेऊन लालबागला घरी हजर.

पुडा अजून सोडला नव्हता. मोबाईलमधला खाकीतला हेमू पुन्हा एकदा चाळीतल्या खोलीत घुसला, मोरीतल्या पिंपावर ऐसपैस बसला, बाईकडे चहा मागितला. पिंपातून उचकी ऐकू आली. त्याने खाली वाकून पिंपावर काठी वाजवली. टक, टक, टक. "काय रे, पिंपाला उचकी लागली?"

स्वतःचा पोरगा, आणि त्या कपड्यांत शेवंतीला तो ओळखूच येईना.

"सगळे हसतायत. तूच एक अशी."

"हसायला सांगितलं होतं मी तुला ते?"

हेमूने ट्रेलर थांबवला. मग म्हणाला, "नाव कुठे घेतलंय कुणाचं? आणि उचकी तर मीच घातली. लोकांना तीच आवडलीय."

"उचकी नव्हती ती," शेवंती म्हणाली. पुढचं तिने गिळलं. तिचा नवरा हरेश्वर त्या दिवशी पिंपात रडत होता, हे तिने मुलालाही सांगितलं नव्हतं.

मिलच्या संपाचं वर्ष. दुपारची वेळ. नाक्यावर दगडफेक झाली होती आणि पोलीस चाळीत शिरले होते. हरेश्वर आणि शेवटच्या खोलीतला जगन, एकाच मिलचे कामगार, इथेच चहा पीत बसलेले. जिन्यावर बूट वाजले. पिंप रिकामं होतं, पण मावणार एकच. हरेश्वर आत उतरला. शेवंतीने झाकण लावलं, वर तांदळाचं सूप ठेवलं आणि खडे निवडायला लागली. एका पोलिसाने पिंपावर तीनदा काठी आपटली. "यात काय?" "पाणी यायचंय अजून," ती म्हणाली. जगनने एकदा पिंपाकडे पाहिलं आणि आपण होऊन उठून पोलिसांबरोबर गेला.

आठ दिवसांनी तो सुटून आला तेव्हा डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. नंतर कधी सरळ उभा राहिला नाही. चार वर्षांत गेला. जगनला नेलं त्या दिवशी त्याच्या बायकोला, गंगूला, शेवंतीने सांगितलं होतं, "आमचे हे घरी नव्हतेच गं. परवाच गावी गेलेत." आणि ते खरं दिसावं म्हणून त्याच संध्याकाळी हरेश्वरला खरोखरच गावच्या गाडीत बसवलं होतं.

मग दोघींनी मिळून वीस वर्षं खानावळ चालवली. एका तव्यावर शेवंती, दुसऱ्यावर गंगू. भाकऱ्या थापताना गंगू कधी म्हणायची, "तुझे हे त्या दिवशी इथे असते ना, तर माझ्या माणसाला एकट्याला नेलं नसतं." शेवंती पिठात पाणी घालत राहायची.

हेमूला तरी पिंपाचं कशाला सांगितलं? तर त्याने चांगली नोकरी सोडली म्हणून बापाने त्याला भित्रट म्हटलं, पोरगा दोन दिवस जेवला नाही, आणि तिला त्याचा कळवळा आला. बापही घाबरला होता रे एकदा, एवढंच तिला सांगायचं होतं.

बाहेर गॅलरीत कुणाचा तरी मोबाईल वाजला. टक, टक, टक. मग हसणं.

"चाळीच्या ग्रुपवर टाकलंस?"

"टाकणारच ना, आई."

आता दोन खोल्या पलीकडून टक टक आली. मग त्याही पलीकडून. गंगूची खोली शेवटची. शेवंती कान लावून उभी राहिली.

"शेवंते!" गॅलरीच्या टोकावरून हाक आली. "अगं, दाखव की तुझा पोलीस! माझ्या फोनात काय चालतच नाय!"

"येते गं," शेवंतीने ओरडून सांगितलं. "डाळ उतरवते नि येते."

तेवढ्यात हरेश्वर आला. दाढी अर्धीच झालेली, एका गालावर साबण तसाच वाळलेला. सलूनमध्ये त्याला कुणीतरी कौतुकाने ट्रेलर दाखवला असणार. त्याने हेमूकडे पाहिलंही नाही. स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि माळ्यावरची बॅग काढली.

"बाबा, तुम्ही आधी पूर्ण पिक्चर तरी..."

"माझा दुसरा शर्ट कुठाय?" हरेश्वर शेवंतीला म्हणाला. "गंगू विचारील. सांग तिला, हे गावी गेलेत. परवाच."

पस्तीस वर्षांपूर्वी शेवंतीने गंगूला सांगितलेले तेच शब्द.

बॅगची चेन अडकली होती. तो ती ओढत होता. ती सरकत नव्हती. सत्तरीला आलेला माणूस, पण शेवंतीला तो पिंपातून बाहेर काढलं तेव्हा होता तसाच दिसला, गुडघे छातीशी धरलेला. मग तिने त्याच्या हातातून बॅग काढून घेतली, गॅस बंद केला आणि पदराला हात पुसले.

"कुणी कुठे जाणार नाही. मी गंगूकडे चाललेय. पिंपात कोण होतं आणि झाकण कुणी लावलं, ते मी सांगणार आहे. भात झालाय, दोघं वाढून घ्या."