लोहगड झाला, पुढे काय?

"ते ऱ्हाऊ द्या. पाणी कुटं जाणार?"

तुम्ही काहीही बांधायला घ्या, आमच्या समोरच्या घरातले भाऊ कंबरेवर हात ठेवून आधी हेच विचारणार. मी अंगणात तुळशीचा कट्टा घातला तेव्हाही विचारलं. मी म्हटलं, "भाऊ, तुळस आहे, धरण नाही!" पहिल्याच जुलैत कट्ट्याभोवती असं तळं साचलं की प्रदक्षिणा घालायला गमबूट लागले. भाऊ कुंपणावरून बघत होते. एक अक्षर बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. हसले मात्र पोटभर.

माणूस रेल्वेत, खंडाळ्याच्या घाटात ट्रॅकमन. मूळचा इथून जवळच्याच औंढे गावचा. रुळाकडेची गटारं मोकळी ठेवण्यात उभी नोकरी गेली, त्यामुळे जगाकडे बघायची नजरच तशी. पण जीव सगळा दिवाळीच्या किल्ल्यात. आमच्या भागातलं मंडळ दरवर्षी किल्ले स्पर्धा भरवतं, त्यात मोठ्यांचाही गट असतो. तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटलेला बाप्या चिखलात बसून बुरूज थापतो? थापतो! आणि दुसरा नंबर आला की दोन दिवस धड जेवत नाही.

किल्ला दरवर्षी एकच, लोहगड. दसरा झाला की सुट्टीच्या दिवशी भाऊ सुतळीचा गुंडा घेऊन गडावर जायचे. लोक सेल्फी काढतायत आणि हे चार दरवाजांमधल्या पायऱ्या मोजतायत. माती तुडवायला आम्ही गल्लीतले. वहिनींची पोती, घमेलं, कणीक चाळायची चाळण, सगळं गडाच्या कामाला. "माज्या चाळणीतनं आता निस्ती मातीच येती बगा," वहिनी म्हणायच्या. म्हणतानाही माती चाळतच असायच्या.

आणि नंबर? दुसरा. परत दुसरा. एकदा तर तिसरा. पहिला कायम मागच्या गल्लीतल्या निवृत्त चित्रकलेच्या मास्तरांचा, कारण त्यांच्या किल्ल्यावर रंगीत दिवे आणि कारंजं. "गडावर कारंजं?" भाऊ चिडायचे. "शत्रू काय हळदीकुकवाला येणार हाय?"

मग एक वर्ष असं आलं की परीक्षक यायच्या दुपारीच आभाळ फाटलं. अर्ध्या तासात मास्तरांचा किल्ला कारंज्यासकट गटारात. आमचा लोहगड मात्र उभा! भाऊंनी आत नळी पुरली होती. गडावरचं सगळं पाणी विंचूकाट्याच्या, म्हणजे लोहगडाच्या त्या लांब सोंडेच्या, पायथ्याशी धारेनं बाहेर पडत होतं. परीक्षकांनी वाकून वाकून बघितलं. पहिला नंबर! गल्लीनं भाऊंना खांद्यावर घेतलं. मी तर रडलेच, उगाच खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षी दसरा गेला, वसुबारस आली, तरी भाऊंच्या अंगणात मातीचं ढेकूळ नाही. मी विचारलं.

"झाला की लोहगड," भाऊ म्हणाले.

"मग शेजारचा विसापूर करा."

"करीन. पयला बी येईन. मंग?"

"मग तुंग, तिकोना!"

"ताई, गडावर गेलतो मी. निम्म्यातनं म्हागारी आलो. पायऱ्या मोजाव्या वाटंनात."

संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. "दोन वर्सांत रिटायर व्हत्याल. ह्यो माणूस असाच भिंतीकडं बगत बसला तर मी काय करू वो?" आणि पदर डोळ्यांना लावला. मला भाऊंचा असा संताप आला! नऊ वर्षं आम्ही तुमच्यासाठी चिखल तुडवला, आणि जिंकल्यावर तुम्हाला कंटाळा?

म्हटलं, थांबा. मीच किल्ला करायला घेतला. तोवर माती नुसती तुडवली होती, हात कधी लावला नव्हता. चार विटा, तीन पोती, वर अळीव पेरले. किल्ला कसला, बसलेली म्हैस! तरी स्पर्धेत नाव दिलं. इकडे भाऊ भाग घेत नाहीत म्हणताना मंडळानं त्यांच्याच छातीवर परीक्षकाचा बिल्ला लावून टाकला.

अळीव उगवायच्या आत परीक्षक आले. भाऊंनी म्हशीभोवती एक फेरी मारली.

"नाव काय गडाचं?"

"नाव नाही."

त्यांनी ओठ आवळले, कागदावर आकडा लिहिला, फाटकापर्यंत गेले. आणि परत आले.

"पाणी कुटं जाणार?"

"जाईल कुठंही. तुम्हाला काय करायचंय? तुम्ही तर पहिले आलात!"

भाऊंनी कागद शेजारच्या परीक्षकाच्या हातात दिला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बसले की चिखलात! "अगं ए, चाळण आण!" अशी हाक मारली की वहिनी चाळण घेऊन पळतच आल्या. बाकीचे परीक्षक तासभर ताटकळले आणि चहा पिऊन गेले. परीक्षकानं हात लावला म्हणून माझा किल्ला बाद झाला. भाऊंचा बिल्लाही गेला. त्यांना कशाचा पत्ता नव्हता, ते म्हशीच्या पोटात नळी बसवत होते.

"ह्यो गड कुटंच न्हाई ताई," ते म्हणाले. "मोजायचं कशाशी? लय मजा हाय!"

पुढच्या दोन दिवाळ्या भाऊ घरोघर फिरून लोकांच्या किल्ल्यांचं पाणी काढून देत होते. मास्तरांच्या कारंज्याचंसुद्धा. स्वतःचं नाव परत कधी दिलं नाही.

आता रिटायर होऊन औंढ्याला गेलेत. औंढे काही लांब नाही हो, पण समोरच्या दाराला कुलूप दिसलं की लांबच वाटतं. यंदा किल्ला मी एकटीनंच केला. नळी घातली आणि भाऊंना फोन लावला. स्पर्धेचं त्यांनी विचारलं नाही.

"वरनं तांब्याभर पाणी वता."

ओतलं.

"आलं का खालनं?"

कुठलं यायला!

"फोन खाली धरा. मला आयकू द्या."

मी चिखलात गुडघे टेकून फोन नळीच्या तोंडाशी धरला. बराच वेळ काहीच नाही. मग एक थेंब, दुसरा, आणि धार लागली. पाणी संपेपर्यंत भाऊंनी फोन ठेवला नाही.