साहेब अजून मुद्द्यावर आले नाहीत

ललिताला बोलण्याआधी खुणा यायला लागल्या, असं तिची आई सांगायची. थोरला धम्मदीप जन्मतः कर्णबधिर. त्याच्याशी खेळायचं तर हात चालवण्यावाचून इलाज नव्हता. वडील रामदास वाशिमहून कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आले आणि कुटुंब येरवड्यात रुजलं. पुढे ललिता पोस्टात लागली. पण तिचा रविवार मात्र धम्मदीपच्या कर्णबधिर मित्रमंडळींचा. लग्नाची बोलणी असोत, दवाखाना असो की बँक, ललिताताईला बोलवा!

व्हॅट लागू झाला त्या वर्षी या मंडळींच्या संघटनेने मेळावा घेतला. कुणाची शिलाई, कुणाची झेरॉक्स. धम्मदीप खराडीत नव्याने आलेल्या कंपन्यांचे टी-शर्ट छापायचा. नव्या कराची सगळ्यांनाच धास्ती. तो समजावून सांगायला मंत्री हिंमतराव आले आणि त्यांच्या शेजारी खुणा करायला ललिता उभी राहिली.

हिंमतरावांनी कागद काढला. “मूल्यवर्धन म्हणजे काय? तर मूल्य, आणि त्याचं वर्धन! हा करावर कर नाही. करातून कर वजा जाता जो कर उरतो, तो कर म्हणून भरायचा नाही... म्हणजे भरायचाच, परंतु...”

ललिताने ‘कर’ केलं, पुन्हा ‘कर’ केलं आणि तिचे हात अडले. मनाचं काही घुसडणं तिला पटेना. तिने खुणेने सरळ सांगितलं, ‘साहेब बोलतायत. अजून मुद्द्यावर आले नाहीत. आले की सांगते.’

सभागृह खदखदून हसलं. हिंमतराव खुलले. “उदारीकरणाच्या महासागरात...”

‘आता समुद्रात गेले,’ ललिताचे हात म्हणाले.

या खेपेला लोक बाकांवर थापा मारून हसले. हिंमतराव थबकले. “अहो बाई, मी विनोद तर केला नाही. काय सांगितलंत यांना?”

ललिताला पोस्ट आठवलं. सरकारी नोकरी! पण खोटं सुचेना. तिने होतं तसं सांगून टाकलं. संघटनेच्या चिटणिसांनी कपाळाला हात लावला.

हिंमतरावांनी कागदाची घडी घातली. “खरं सांगू? मलाही कळलेलं नाही. अधिकाऱ्यांनी लिहून दिलं, मी वाचतोय.”

हे मात्र ललिताने शब्दन् शब्द सांगितलं. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. ती त्यांची टाळी.

“आता तुम्हीच विचारा,” हिंमतराव म्हणाले. धम्मदीप उठला आणि ललिताने त्याचा प्रश्न बोलून दाखवला: “कोरे टी-शर्ट घेताना मी कर भरतो. छापून विकले की पुन्हा पुरता कर?”

पहिल्या रांगेतला अधिकारी पुढे आला. “नाही. आधी भरलेला वजा करायचा. खरेदीचं बिल तेवढं जपा.”

धम्मदीपचा चेहरा उजळला. मग प्रश्नांवर प्रश्न आले.

चहाच्या वेळी हिंमतराव म्हणाले, “बाई, तुम्हाला विधानसभेत बसवलं तर आमची पंचाईत होईल.”

“पुढच्या वेळी भाषण आधी पाठवा, साहेब,” ललिता म्हणाली. “आणि थोडं कमी पाठवा.”

नंतर काही दिवस ती मेमोची वाट बघत होती. आला नाही. पुढच्या वर्षी हिंमतराव बिनकागदाचे आले आणि तुकड्यातुकड्यांनी बोलले. मधेच गाडी घसरायची, मग ते ललिताकडे बघायचे, तिचे हात थांबलेले दिसले की हसून म्हणायचे, “बरं, परत सांगतो.”