पाळकबाबा कल्याणला गेले

पाळकबाबा कोणाकडेही गेले तरी उंबऱ्यावर बसत. उंबऱ्यावर बसू नये, हे त्यांना लहानपणी आईने शिकवले नव्हते असे नाही; पण ते म्हणत, "आत बोलावलं तर जाईन, हाकललं तर उठायला सोपं." ठाण्यातल्या आमच्या चाळीसएक माणसांच्या ख्रिस्ती मंडळीत असा एकही उंबरा नव्हता, की ज्याला त्यांच्या धोतराचा सोगा लागला नव्हता.

ते मूळचे घाटावरचे, जातीचे साळी. उंच, वाळकुडे, पन्नाशीला आलेले. उपदेश करायला उभे राहिले की शब्द अडत, आणि मग ते मधेच "आमेन" म्हणून बसून घेत. मिशनच्या साहेबांना ते आवडत नसे. आम्हांला मात्र त्यात काही उणे वाटले नाही, कारण रविवारी जे बोलायचे राहून जाई ते पाळकबाबा आठवडाभर घरोघर जाऊन बोलत.

मी ठाण्याला आले ती विधवा होऊन, बाप्तिस्मा घेऊन आणि आईला कायमची मुकून. बाप्तिस्म्याच्या वेळी कोणी म्हणाले, हिचे नाव रूथ ठेवा. पाळकबाबांनी विचारले, घरी काय म्हणत? मी म्हटले, सगुणा. "मग सगुणाच. देवाला मराठी कळतं," एवढे बोलून त्यांनी माझ्या डोक्यावर पाणी घातले. पुढे त्यांनीच मला मुलींच्या शाळेत शिकवायला लावले, आणि बाकी सगळ्यांची मी नुसती 'बाई' झाले. माझ्या जन्माच्या नावाने हाक मारणारे जगात तेवढे एकच माणूस उरले होते, हे मी कधी त्यांना बोलून दाखवले नाही.

ठाण्यापासून दोन कोसांवर खाडीकाठी कोलशेत. तिथल्या मिठागरात चांगो नावाचा आगरी काम करी. त्याच्या दोन्ही पोरांना देवी आल्या, तेव्हा पाळकबाबा वीस दिवस रोज चिखल तुडवत गेले. चांगोची बायको हिरा आत पोरांना वारा घाली, बाबा उंबऱ्यावर बसून प्रार्थना करीत. पोरे वाचली. वर्षभराने चांगो स्वतःच म्हणाला, मला तुमच्या देवाचा करून घ्या. पण आधी त्याने एक गोष्ट विचारली. गाव वाळीत टाकील, मिठागरावर घेणार नाही, विस्तव देणार नाही, ते सगळे सोसू. पण घरात मरण आले तर खांदा कोण देईल? पाळकबाबांचा शब्द त्या दिवशी अडला नाही. ते म्हणाले, "मी देईन."

गावाने चांगोला वाळीत टाकलेच. दर गुरुवारी पाळकबाबा खांद्यावर तांदळाची झोळी टाकून कोलशेतला जात आणि दिवस मावळेपर्यंत तिथे बसून राहत. त्यांच्याखेरीज त्या घराशी कोणी बोलत नव्हते.

अशात ज्येष्ठात साहेबांचा हुकूम आला. कल्याणचे पाळक वारले होते, तिथली मंडळी मोठी होती, तेव्हा पंधरा दिवसांत कल्याणला रुजू व्हावे. त्या सकाळी शाळेच्या कामासाठी मी साहेबांच्या बंगल्यावर गेले होते. ओसरीवर पाळकबाबा हात जोडून उभे होते. पावसाळा संपेपर्यंत तरी राहू द्या, एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. साहेबांनी शांतपणे सांगितले की ठाण्याला दुसरा पाळक येईल, तो कोलशेत सांभाळील. पाळकबाबा पायऱ्या उतरले, मला पाहिले, आणि ओळख न देता निघून गेले.

दुसरा पाळक चार महिने आला नाही.

बाबा कल्याणहून दर गुरुवारी आगगाडीने ठाण्याला उतरून कोलशेतला चालत जात राहिले. पाच-सहा गुरुवार झाले. मग कल्याणच्या पंचांनी तक्रार केली, की आमचा पाळक आमच्या आजाऱ्यांकडे नसतो. साहेबांनी लेखी ताकीद दिली, की परवानगीवाचून कल्याण सोडायचे नाही. बाबांचे मला पत्र आले. अक्षर नेहमीसारखे सुरेख नव्हते. लिहिले होते, "सगुणा, माझ्याऐवजी तू जात जा. काही नेलं नाहीस तरी चालेल. नुसती जाऊन बस."

मी दोनदा गेले. तिसऱ्या खेपेला खाडीच्या वाटेवर गुडघाभर चिखल होता, चौघे बाप्ये माझ्याकडे टक लावून बघत होते, मी अर्ध्यातून परतले. पुढचे तीन गुरुवार गेलेच नाही. शाळेची परीक्षा आहे, असे मी स्वतःला सांगितले. परीक्षा खरेच होती. पण तिच्यामुळे मी थांबले नव्हते.

भाद्रपदात पटकीची साथ आली. एका सकाळी शाळा उघडायच्या आत चांगो दारात येऊन उभा राहिला. पहाटे हिरा गेली होती. त्याला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, बाबांना कळवायची. मी धावत स्टेशनात जाऊन कल्याणला तार केली. मग मंडळीतल्या घरोघर गेले. पटकीचे नाव ऐकून कोणी बाहेर येईना. म्हातारा शिमोन स्वयंपाकी तेवढा निघाला.

आम्ही तिघे कोलशेतला पोचलो. ख्रिस्ती दफनभूमी ठाण्याला, दोन कोस मागे. चांगो, एक म्हातारा आणि मी, एवढ्यांनी प्रेत तिथवर न्यायचे कसे? पण बाबा येणार होते. कल्याणची गाडी तासाभराची. नऊ वाजून गेले असतील, दहा झाले असतील. चांगो वाटेकडे तोंड करून बसला होता. बाबा का येत नाहीत, असे त्याने दोनदा विचारले, तेव्हा मीच म्हटले, की कल्याणलाही पटकी आहे, ते तिकडे कोणाला माती देत असतील. मला तसेच वाटत होते. दोन्ही पोरे आईच्या पायाशी बसली होती. माश्या वाढत चालल्या.

ऊन डोक्यावर आले तेव्हा गावचा पाटील आला. तो काही कठोर माणूस नव्हता. हिरा त्याच्या डोळ्यांदेखत या गावात नांदायला आली होती. अंगणाबाहेर उभा राहून तो म्हणाला, "चांगो, एक शबूद बोल. आमी उचलताव."

चांगोने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. मग तो पाटलाला म्हणाला, "जातीत घ्या."

घटकेभरात अंगण माणसांनी भरले. महिनोन्‌महिने ज्या बायांनी तोंड फिरवले होते त्या हिराला कवटाळून रडल्या. ते रडणे खोटे नव्हते.

पाळकबाबा आले तेव्हा तीन वाजले असतील. खाडीकाठी चिता पेटली होती. ते लांबच थांबले. पाय मांडीपर्यंत चिखलाने भरलेले, छाती धपापत होती. चांगो त्यांच्याजवळ गेला, पण हातभर अंतर ठेवून उभा राहिला. आता शिवायचे नव्हते.

"बाबा, मी दुपारपर्यंत वाट बगली."

पाळकबाबांचे ओठ हलले. पुष्कळ वेळाने शब्द आले. "बरं केलंस, चांगो. तिला तसं ठेवायचं नव्हतं." एवढे बोलून ते तिथेच चिखलात बसले. शिमोनने आणि मी धरून त्यांना उठवले.

महिन्याने ठाण्याच्या पंचांची सभा भरली, तिला पाळकबाबांनाही बोलावले, आणि चांगोचे नाव मंडळीच्या वहीतून खोडायचे ठरले. पाळकबाबांनी लेखणी हातात घेतली नाही. ते म्हणाले, "तो आपल्याला सोडून गेला नाही. आपण पोचलो नाही." साहेबांनी नाव स्वतः खोडले आणि पाळकबाबांची पुन्हा बदली केली. या वेळी घाटावर, दूर, सात-आठ घरांच्या मंडळीत.

मी त्यांना भेटायला कल्याणच्या स्टेशनात गेले. भाकऱ्या बांधून नेल्या होत्या. त्या चार महिन्यांत ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. मला राहवले नाही. मी कबूल केले, की ते तीन गुरुवार मी गेले नव्हते. मला वाटले, ते रागावतील. रागावले असते तर बरे झाले असते.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. मग रुळांकडे बघत राहिले. "सगुणा, तुझी तार मला सकाळीच मिळाली. मी कोणाला माती देत नव्हतो. पंच म्हणाले, साहेबांना विचारल्याशिवाय जाऊ नका, नाहीतर पाळकपण जाईल. मी माणूस पाठवून घरात बसून राहिलो. दुपारपर्यंत बसलो. परवानगी आली नाही, तेव्हा निघालो." थोडे थांबून ते म्हणाले, "निघायचंच होतं, तर सकाळी निघता आलं असतं."

गाडी आली. त्यांनी भाकऱ्यांचे फडके घेतले आणि डब्यात चढले. खिडकीशी मात्र आले नाहीत. दोन वर्षांनी ते तिकडेच वारल्याचे कळले.

स्टेशनातल्या त्या भेटीनंतरच्या गुरुवारपासून मी कोलशेतला जाऊ लागले, ती आजतागायत जाते. चांगो आता म्हातारा झाला आहे, पोरे मिठागरावर कामाला आहेत. तो मला अंगणात पाट देतो आणि स्वतः दूर बसतो. पाळकबाबांचा विषय निघाला की दरवेळी तेच म्हणतो, की बाबा शब्दाचे पक्के, त्या दिवशी कल्याणला कोणाला माती देत होते म्हणून अडकले, नाहीतर सकाळीच धावत आले असते.

मी त्याला तसे म्हणू देते.